रद्द विमानाला उशीर नसतो

मी नेमकं काय काम करते हे आमच्या गोतावळ्यात कोणालाच धड सांगता येत नाही, आणि त्यात त्यांची चूक नाही. मी सेनगाव तालुक्यातल्या साखऱ्याची. वडील मेंढरं राखायचे, जोडीला कोरडवाहू रान. असल्या घरातली पोरगी दूरच्या मोठ्या शहरात बसून विमानांच्या उशिराचा हिशोब करते म्हटल्यावर माणसं एवढंच विचारतात, "म्हंजे इमान तू सोडतीस का?" नाही बाबा. विमान सोडणारे वेगळे. माणसाला घरून निघून पोचेपर्यंत ठरल्यापेक्षा किती वेळ जास्त लागला, तेवढं मी मोजते.

त्यात एक गोम आहे. कंपन्या विमानाचा उशीर मोजतात, माणसाचा नाही. विमान चाळीस मिनिटं उशिरा उतरलं तर वहीत चाळीस मिनिटं. पण त्या चाळीस मिनिटांपायी ज्याचं पुढचं विमान सुटलं आणि जो दिवसभर बाकड्यावर बसून राहिला, त्याचा दिवस कुठल्याच वहीत नाही. आणि विमान रद्द झालं तर विचारूच नका. जे उडालंच नाही त्याला उशीर कसला? रकाना कोरा. सरासरी काढताना कोरा रकाना गळून पडतो आणि त्याच्याबरोबर दीडशे-पावणेदोनशे माणसंही. त्या माणसांना तिकिटाच्या नोंदींवरून हुडकायचं, कोण कशानं कधी पोचलं ते जुळवायचं आणि त्यांना परत हिशोबात आणायचं, यात माझी पंधराएक वर्षं गेली.

वडील होते तेव्हा एकदा त्यांना हे सगळं समजावून सांगितलं होतं. ते तंबाखू मळत ऐकत राहिले आणि म्हणाले, "यात नवं काय हाय? कळप आला म्हंजे समदी मेंढरं आली असं थोडंच असतंय." मला रागच आला होता. एवढी वर्षं शिकून जे हाती लागलं ते ह्या माणसाला मेंढरांमागं फिरून आधीच ठाऊक होतं.

तर गेल्या मे महिन्यात माझ्या भाचीचं लग्न निघालं.

आम्ही दोघी बहिणी. भाऊ नाही. अक्का थोरली, तिला गोरेगावात दिलेली. तिची ही एकुलती लेक कॉलेजसाठी तीन वर्षं माझ्याकडे राहिली, माझ्याच स्वयंपाकघरात पोळ्या करपवायला शिकली, म्हणून माझा जीव तिच्यात जरा जास्तच. आमच्यात लग्न लागताना नवरीच्या पाठीशी तिचा मामा उभा राहतो. आणि नवरीची आई तिथं नसतेच. अक्षता पडताना आईनं लेकीचं लग्न बघू नये म्हणतात. ती घरामागं तुळशीला पाणी घालत बसते, मंगलाष्टकं कानावर पडतील तेवढी ऐकते. आमच्या आईनं आम्हा दोघींपैकी एकीचंही लग्न पाहिलं नाही.

मामा नाही म्हटल्यावर भावकीनं साखऱ्याच्या एका चुलतभावाचं नाव काढलं. माणूस वाईट नाही, पण भाचीची कितवी चालू आहे हेही त्याला कधी माहीत नव्हतं. अक्का अडून बसली. "मामाचं काम जिनं केलं तीच मामा. माही बहीण उभी ऱ्हाईल." यावर चांगला महिनाभर घोळ चालला. सासरची म्हातारी माणसं म्हणाली, बाई कशी उभी राहणार? अक्का म्हणाली, पायावर. तिचं बोलणं लहानपणापासून असंच.

शेवटी गोष्ट व्याह्यांवर आली, म्हणजे नवरदेवाच्या वडिलांवर. ते जवळा बाजारचे. एसटीच्या स्टँडवर कंट्रोलर होते, म्हणजे खिडकीत बसून कुठली गाडी कधी आली, कधी सुटली ते रजिस्टरात लिहिणारे आणि भोंग्यावर पुकारणारे. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली तरी गावोगावी त्यांना कंट्रोलरसाहेबच म्हणतात. हातावर घड्याळ, खिशात पेन. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न केला, "त्या येळेवर येतील ना?"

"तिचं कामच येळेचं हाय," अक्का म्हणाली.

मग ठरलं. बहीण आली तर बहीण उभी राहील. नाही आली तर चुलतमामा फेटा बांधून तयार असेल. अक्कानं माझ्यासाठी मुद्दाम गुलाबी फेटा आणला, हिंगोलीहून, आणि फोनवर मला तीनदा सांगितलं की बाई, नाक कापू नको.

सुपारी फुटली त्या दिवशी कंट्रोलरसाहेबांशी माझं बोलणं झालं होतं. मी काय करते ते त्यांनी नीट विचारून घेतलं. मी सांगितलं आणि पहिल्यांदाच समोरच्या माणसाला ते लगेच कळलं. ते म्हणाले, त्यांच्या स्टँडवरून एका आडवळणाच्या गावाला संध्याकाळची शेवटची गाडी जायची. परभणीकडून येणारी गाडी रोज मागंपुढं व्हायची आणि तिच्यात त्या गावची दहा-बारा माणसं असायची. हे शेवटची गाडी त्यांच्यासाठी थांबवून धरायचे. "रजिस्टरला माही गाडी रोज उशिरा. वरून मेमो यायचा. पर माणसं रोज घरी."

"हेच तर मी म्हणते," मी म्हटलं. मला त्यांच्या पायाच पडावंसं वाटलं.

"थांबा, पुढचं ऐका. थांबवायची बी हद्द असती, ताई. पंधरा मिनिटं. त्याच्यावर धरली की पुढच्या फाट्यावर जे उभे हायेत त्यांचं काय? त्यांनी काय पाप केलं? म्हणून मी मागच्या गाडीच्या ड्रायव्हरला फोनवर एकच विचारायचो, खरं सांग, कुठं हायस. खरं सांगितलं की मला ठरवता यायचं. येतोच, येतोच म्हणणारा ड्रायव्हर लई घातक."

मी मान डोलावली. वहीत लिहूनसुद्धा घेतलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

लग्नाच्या आदल्या दिवशी मला आमच्या कामाचा अहवाल मोठ्या साहेब लोकांपुढं मांडायचा होता. अक्का म्हणाली होती, दोन दिवस आधी ये. मी म्हटलं, अक्का, मी हिशोब केला आहे. पहाटेचं विमान हैदराबादला, तिथून नऊ-साडेनऊचं छोटं विमान नांदेडला, तिथून गाडीनं वसमत, हिंगोली करत गोरेगाव. दीडपर्यंत मंडपात. पत्रिकेत लग्न बारा पस्तीसचं, पण आमच्याकडं बारा पस्तीसचं लग्न बारा पस्तीसला लागल्याचं मी जन्मात पाहिलेलं नाही. नवरदेव मारुतीला जातो, पुढं पोरं नाचतात, मग पुढाऱ्यांचे सत्कार, शाली, नारळ. अडीचच्या आत कोण अक्षता टाकतंय? मी विमानाचा उशीर धरला होता आणि लग्नाचाही धरला होता. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, हे मला तेव्हा कोणी ऐकवायला हवं होतं. आणि ह्या हिशोबात दुसरं विमान रद्द होण्याचा रकाना मी सोडून दिला होता. मी. ज्या बाईनं आदल्याच दिवशी उभं राहून तासभर त्याच रकान्याबद्दल भाषण ठोकलं होतं तिनं.

पहिलं विमान चाळीस मिनिटं उशिरा निघालं. हैदराबादला मी पळत सुटले, नांदेडच्या दारापाशी धापा टाकत पोचले, आणि बघते तर ते विमानच अर्धा तास पुढं ढकललेलं. मी खूश झाले. अक्काला फोन केला, "अर्धा तास उशीर आहे फक्त."

"बराबर. ये सावकाश." मागं डफडं वाजत होतं. हळदीच्या अंगानं भाची ओरडली, "मावशी, तुझा फेटा इस्त्री केलाय."

अर्ध्या तासानं पाटीवर आणखी अर्धा तास चढला. आता खरं सांगते, हे मला कळत होतं. अर्धा-अर्धा तास करत पुढं सरकणारं विमान बरेचदा शेवटी उडत नाही, हे नोंदींमध्ये मी कितीतरी वेळा पाहिलं आहे. काउंटरवरच्या मुलीला मी विचारलंही, खरं सांगा, जाणार आहे का? ती गोड हसून म्हणाली, मॅडम, थोडाच वेळ. मला तिचा संताप आला. आणि तसाच फोन उचलून मी अक्काला म्हटलं, "अजून अर्धा तास. थोडाच वेळ."

सव्वादहाला विमान रद्द झालं. पुढचं दुसऱ्या दिवशी. माणसं काउंटरवर तुटून पडली. माझ्या शेजारी एक म्हातारी पिशवी पोटाशी धरून बसली होती, नांदेडला लेकाकडं निघालेली. ती मला विचारत होती, "आता पुन्हा कधी?" तिला समजावून द्यायला मी थांबले नाही. बाहेर येऊन भाड्याची गाडी केली आणि ड्रायव्हरला म्हटलं, गोरेगाव. तो म्हणाला, हे कुठं आलं?

हैदराबादहून गोरेगाव आठ तासांचा रस्ता. फार हाणली तर साडेसात. हे मला ठाऊक होतं, गाडीत बसायच्या आधीच ठाऊक होतं. अक्काचा फोन आला.

"निघालीस का?"

"निघाले. गाडी केली."

"कितीला?"

आता माझ्या तोंडून काय निघावं? "दोनपर्यंत पोचते."

का म्हटलं? पुष्कळदा विचार केला. तिनं महिनाभर भांडून माझ्यासाठी ती जागा मिळवली होती आणि मला ती सोडवत नव्हती. सहा म्हटलं असतं तर चुलतमामा लगेच फेटा बांधून उभा राहिला असता. दोन म्हटलं की जागा माझी राहत होती, तेवढ्यापुरती तरी. काउंटरवरची ती मुलगी हेच करत होती, तिला निदान वरून हुकूम होता.

दुपारी दोनला आम्ही देगलूरच्या अलीकडं होतो. उन्हानं रस्ता पांढरा पडला होता. अक्काचा आवाज बसला होता. "नवरदेव मारुतीहून येऊन बसलाय. भटजी घाई करून राहिलेत. म्हातारे बोलून राहिले मला. कुठं हायस तू?"

"जवळच आहे. तासाभरात."

"नक्की?"

"नक्की."

ड्रायव्हरनं आरशातून माझ्याकडं बघितलं. त्याला मराठी थोडी येत होती. मी खिडकीकडं तोंड केलं.

त्या तासाभरात तिकडं काय झालं ते मला नंतर समजलं. अक्का मंडपाच्या तोंडाशी उभी होती, हात कमरेवर. पाच-सहाशे माणूस उपाशी बसलेलं. तांड्यावरच्या बाया लेकरांना घेऊन उन्हात आल्या होत्या, लेकरं भुकेनं रडत होती. साखऱ्याच्या माणसांना सेनगावहून पुढची जीप धरायची होती. दीर म्हणाला, वहिनी, पुरे. चुलतसासरा म्हणाला, बाईमाणसाच्या नादी लागून लग्न खोळंबलं. अक्का प्रत्येकाला एकच सांगत होती, "येऊन राहिली. जवळच हाय. ती खोटं बोलत न्हाई."

अडीचच्या सुमारास एका अनोळखी नंबरवरून फोन आला.

"ताई, मी बोलतो. कंट्रोलर."

"हां, बोला."

"खरं सांगा. कुठं हायत?"

त्यांनी तेवढंच विचारलं. आवाजात राग नव्हता. सवयीचा प्रश्न होता, रोज कुणातरी ड्रायव्हरला विचारलेला. आणि माझा बांध फुटला. मी म्हटलं, "साहेब, देगलूर आत्ता मागं टाकलं. साडेसहाच्या आत पोचत नाही. अक्काला मी खोटं सांगितलं. सकाळपासून खोटंच सांगतेय."

मागं डफडं वाजत होतं.

"बरं," ते म्हणाले. "दोन तास धरली मी. पुढच्या फाट्यावरची माणसं बी बघावी लागतात. सोडतो आता गाडी."

"सोडा," मी म्हटलं. आणि फोन ठेवून रडले. चांगली मोठ्यानं रडले. ड्रायव्हरनं बिचाऱ्यानं न विचारता पुढच्या हॉटेलवर गाडी घेतली, मला चहा आणून दिला आणि लांब जाऊन उभा राहिला.

पुढचा रस्ता मी कसा काढला ते सांगत नाही. नांदेडच्या विमानतळाकडं जाणारी पाटी दिसली तेव्हा मला हसूच आलं. कंपनीच्या वहीत त्या दिवशीचा माझा हिशोब किती साधा होता. पहिलं विमान, चाळीस मिनिटं. दुसरं विमान, कोरं. आणि मंडपात बसलेली पाच-सहाशे माणसं तर माझ्याही वहीत नव्हती. इतक्या वर्षांत मी प्रवाशाच्या पुढं कधी गेलेच नव्हते. त्याची वाट बघत कोण उभं आहे, त्याच्या शब्दावर कोण भांडत आहे, हा रकाना मला सुचलाच नव्हता.

गोरेगावात शिरले तेव्हा दिवस कलला होता. मंडपवाले कापड सोडवत होते. बाया भगुनी घासत होत्या. अक्षतांची रंगीत ज्वारी मातीत पडली होती, ती कोंबड्या वेचत होत्या. पोरीला पाचलाच वाटे लावलं होतं, ती जवळा बाजारला पोचतही आली असेल. मी बॅग घेऊन रिकाम्या मंडपात उभी राहिले. कोपऱ्यात सोडलेल्या कापडांच्या ढिगामागं खाटेवर पाठमोरं कोणीतरी गुलाबी फेटा बांधून बसलं होतं. माझाच फेटा तो. चुलतमामा अजून गेला नाही वाटतं, असं म्हणून मी काढता पाय घेणार, तेवढ्यात त्या माणसानं वळून पाहिलं.

अक्का होती. डोक्यावरच्या पदरावर फेटा, डोळे सुजलेले, कुंकू घामानं ओघळलेलं.

मी तिच्या पायाशी बसले. तिनं तोंडावरचा घाम पुसला. मग म्हणाली, "चार डाव फोनवर बोललीस. चारी डाव खोटं. कंट्रोलर इहयाला येऊन मला सांगावं लागलं. भर मंडपात. माह्या बहिणीचं खरं मला इहयाकडून कळावं?"

मी तिच्या गुडघ्यावर डोकं टेकलं. तिनं ते ढकललंही नाही आणि हातही फिरवला नाही.

"मग?" मी म्हटलं. "फेटा?"

मग तिनं सांगितलं. व्याही भटजीला सुरू करा म्हणाले. सगळे उठले. बायांनी तिच्या हातात पाण्याचा तांब्या दिला, चल तुळशीपाशी. चुलतमामा पुढं सरकला. पोरगी खाली मान घालून उभी, पाठीशी जागा मोकळी. आणि अक्काचं डोकंच फिरलं. तिनं तांब्या खाली ठेवला, खुर्चीवरचा माझा फेटा उचलून पदरावर चढवला आणि जाऊन लेकीच्या पाठीशी उभी राहिली, पाठीवर हात ठेवून. एकच कल्ला झाला. आईनं पाहू नये, अपशकुन असतोय, म्हातारे उठून उभे राहिले. सगळ्यांनी व्याह्यांकडं पाहिलं. व्याह्यांनी घड्याळाकडं पाहिलं.

"म्हणले, गाडी सुटली आता. चढलं ते चढलं." अक्का ते सांगताना अर्धवट हसली. "अन् लागलं बाई लगीन."

मंडपवाल्यानं शेवटचा खांब काढला. अक्कानं डोक्यावरचा फेटा उतरवला, मांडीवर घेतला, त्याची एकेक घडी सारखी करू लागली.

"पोरगी कशी दिसत होती?" मी विचारलं.

"अंतरपाट धरला तव्हा थरथर कापून राहिली व्हती. मी पाठीवर हात दाबला तशी थांबली. अक्षता पडल्या न, तव्हा वळून पाह्यलं तिनं. तवर त्या कल्ल्यात तिला वाटलं तू हायस." तिनं घडी घातलेला फेटा माझ्या हातात दिला. "तू येळेवर आली असतीस तर मी मागं तुळशीपाशी बसले असते, आईवानी. तू खोटं बोललीस ते मी मरस्तोवर इसरणार न्हाई. अन् लेकीचं लगीन डोळ्यानं पाह्यलं, तेबी न्हाई."